मी मीच आहे, हे सिद्ध कसं करायचं? (बंद खातं, ओटीपी आणि वादविवाद स्पर्धा)

गोदाकाठची | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी निवृत्त शिक्षिका, वय ६६, राहणार पंचवटी. अडचण एक आहे आणि प्रश्न एक आहे. दोन्ही एकाच आठवड्यात पुढे आले म्हणून एकत्रच मांडते.

आधी अडचण. माझं ईमेलचं खातं अकरा दिवसांपासून उघडत नाही. कुणी चोरलेलं नाही, पासवर्डही मी विसरलेले नाही. पासवर्ड बरोबर टाकते आणि पुढच्या पानावर येतं की तुमच्या नंबरवर कोड पाठवला आहे. तो नंबर यजमानांचा. ते गेले त्याला अडीच वर्षं झाली. वर्षभर मी त्या नंबरचा रिचार्ज करत राहिले. मग एके दिवशी केला नाही, आणि पुन्हा कधीच केला नाही. आता तो नंबर दुसऱ्याच कुणाकडे आहे. मी फोन लावून पाहिला, सिन्नरकडचा एक मुलगा बोलला. फार सालस. "काकू, कोड आला तर सांगतो की," म्हणाला. मीच नको म्हटलं. ओटीपी कुणालाही सांगू नका असं वर्गात शंभरदा सांगितलेलं, मग तो मी परक्या पोराकडे कुठल्या तोंडाने मागू?

त्या खात्यात माझी २००७ पासूनची टिपणं आहेत. शाळेत मी वादविवाद स्पर्धेची मुलं तयार करायचे. सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये, बसून कात्रणं काढायची, विषय, दोन्ही बाजू, खंडनाचे मुद्दे टंकायचे आणि स्वतःलाच मेल करून ठेवायचे. यजमान बदलीवर असतानाची त्यांची पत्रंही तिथेच आहेत.

आता प्रश्न. गेल्या वर्षी मी एका आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला परीक्षक होते. चौदा स्पर्धकांपैकी नऊ जणांची सुरुवात जवळजवळ सारखी. "दुधारी शस्त्र", "काळाची गरज", मग तीन मुद्दे, मग समारोप. पाठांतर चोख, आवाज सुरेख, पण भाषणं यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, लिहून घेतलेली वाटत होती. एका मुलाने सांगितलं की तंत्रज्ञानामुळे शेतकऱ्याला बाजारभाव कळतो. मी विचारलं, "बाळा, कसा कळतो? तुझ्या ओळखीच्या एखाद्या शेतकऱ्याचं सांग." तो गप्प झाला. ओठ हलत होते, शब्द येईनात. त्याचा अपमान करायचा माझा मुळीच हेतू नव्हता, अजून मनाला लागून आहे ते. यंदा आयोजकांनी मलाच नियम सुचवायला सांगितलंय. काय सुचवू?

सातपूर_शिफ्ट | सोमवार, रात्री ९.५८

ताई, एक जुना लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर घरात आहे का, ज्यावर हे खातं वर्षानुवर्षं उघडत होतात? असेल तर तोच काढा. त्याच ब्राउझरवरून, घरच्याच वायफायवरून खातं परत मिळवायची प्रक्रिया सुरू करा. ओळखीचं यंत्र, ओळखीची जागा बघून या सेवा ठरवतात की समोरचा माणूस खरा असावा. भाचीच्या नव्या फोनवरून प्रयत्न केलात तर संशय वाढतोच. आणि दिवसातून दहादा करू नका.

रविवार_कारंजा | सोमवार, रात्री १०.१५

वरच्या प्रतिसादाला +१.

एक कळकळीची विनंती. "खातं उघडून देतो, अमुक रुपये पाठवा" असं सांगणारे लोक समाजमाध्यमांवर टपून बसलेले असतात. त्यांना एक रुपयाही देऊ नका. माझ्या मोठ्या बहिणीचे असेच पैसे गेले. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच रात्री फोन केला म्हणून थोडी रक्कम पुढे जायच्या आत गोठवता आली. पैशाच्या फसवणुकीत पहिला तासच कामाचा असतो, उद्या बघू म्हटलं की गेलं.

प्रेसवाले_काका | मंगळवार, सकाळी ७.०५

मी नाशिकरोडच्या प्रेसमधून, म्हणजे टपाल तिकिटं छापणाऱ्या सरकारी छापखान्यातून, निवृत्त झालो. सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, शेजारची नोट प्रेस १९२८ ची. आमचं सगळं आयुष्य "हे खरं कशावरून?" या एका प्रश्नात गेलं. तिकीट हातात घेतलं की कागद बोटाला कळायचा. उजेडाकडे धरलं की जलचिन्ह दिसायचं, कडेच्या भोकांची ओळ नजरेला लागायची. खरेपणा वस्तूत होता आणि तो ओळखणारं माणूस समोर होतं. आता पासपोर्टातसुद्धा चिप बसते, ती यंत्रच यंत्राला दाखवतं.

पण मी या बदलाच्या विरोधात नाही, हे मुद्दाम लिहितो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आम्ही बँकेत रांग लावायचो. माझे एक सहकारी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, त्यांना दरवर्षी खुर्चीवर बसवून रिक्षात घालायचे, तिथून बँकेच्या चार पायऱ्या चढवायचे. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, २०१४ च्या नोव्हेंबरात सुरू झालं, पण तेव्हा बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र लागायचं. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून दाखला द्यायची सोय आली. मी स्वतः त्यांच्या उशाशी बसून फोन धरला. डोळे मिचकवा असं फोन सांगतो. एका बाजूचा डोळा त्यांना नीट मिटता येत नाही. तिसऱ्या खेपेला जमलं. पडद्यावर हिरवी खूण आली, तेव्हा वहिनी रडल्या. पायऱ्या सुटल्या ना.

तेव्हा ताई, खातं मिळेल. धीर सोडू नका.

निफाडचा_दादा | मंगळवार, दुपारी १.२०

काकांचं वाचून बरं वाटलं, पण आमच्याकडं उलटं होतं. आई ७१ वर्षांची, सारी हयात द्राक्षबागेत गेली. विरळणी, डिपिंग, माल तोडायचा, खोकी भरायची. जीएच्या, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाच्या, पाण्यात घड बुडवून बुडवून बोटांच्या रेषा पुसल्या आहेत. त्यात डिसेंबरात निफाडची थंडी, बोटं फुटलेली. धान्य घ्यायला गेली की अंगठा लागत नाही. परत लाव, परत लाव. मागं रांग उभी. आई घरी येऊन म्हणती, "चाळीस वर्षं हाच दुकानदार मला वहिनी म्हणतो, आणि यंत्र म्हणतंय की ही कोण."

हे वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. आधारला दहा बोटं, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा, सगळंच नोंदलेलं असतं. म्हणजे अंगठा गेला म्हणून ओळख गेली असं नाही. आम्ही केंद्रावर जाऊन आईचे ठसे नव्याने घेतले. आता ती उजवी अनामिका लावते, त्या बोटाची रेष जरा शाबूत आहे. जायच्या आधी कोमट पाण्यात हात धरायचे, कोरडे पुसायचे, किंचित खोबरेल चोळायचं आणि परत पुसून घ्यायचं. दहापैकी आठ वेळा लागतं.

बीपीवाली | मंगळवार, सायंकाळी ६.३०

बाई, मी कॉलेजरोडला शिकते आणि दोन वर्षं ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीने डिबेट करते. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलायचंय, आणि थोडं विरोधात बोलायचंय.

त्या मुलाने मशीनकडून लिहून घेतलं ही चूक आहे. पण पाठांतराची स्पर्धा मशीनच्या आधीही पाठांतराचीच होती. आमच्या शाळेत सर भाषण लिहून द्यायचे आणि आम्ही हातवाऱ्यांसकट पाठ करायचो. बक्षीस मला मिळायचं, शब्द सरांचे असायचे. तेव्हा परीक्षकांनी कुणालाच विचारलं नाही की हे तुझं आहे का.

आमच्या पद्धतीत विषय हातात पडला की तयारीला फक्त १५ मिनिटं. चार संघ, प्रत्येकात दोघं, दोन संघ बाजूने, दोन विरोधात. बाजू आपण निवडायची नाही. भाषण ७ मिनिटांचं, आणि पहिलं नि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळात समोरचा कधीही उठून मुद्दा विचारू शकतो. तयारीच्या वेळात इंटरनेट बंद. तिथे पाठ केलेलं पहिल्या दीड मिनिटात संपतं. पुढे तुम्ही आहात आणि समोरच्याचा प्रश्न आहे.

शब्दवेल्हाळ | मंगळवार, रात्री ८.१०

बीपीवाली, तुमचं म्हणणं रास्त आहे, पण मराठी वादविवादाची एक घडण आहे ती अशी मोडीत काढू नका. आम्ही वसंत व्याख्यानमालेला गोदाघाटावर बसून वक्ते ऐकले. लिहिलेलं, घासलेलं, तालात बसवलेलं वाक्य ही कला आहे. पंधरा मिनिटांत मुद्दे सुचतील, पण भाषा सुचत नाही. तुमच्या इंग्रजी डिबेटमध्ये मुलं इतकी भराभर बोलतात की श्रोत्याला धाप लागते.

माझी सूचना: भाषण हस्तलिखित आणायला लावा, खाडाखोडीसकट. खाडाखोड दिसली की कळतं कुणी विचार केलाय.

बीपीवाली | मंगळवार, रात्री ८.४५

भाषेबद्दल मान्य, काका. आमच्यात ती कमी पडते हे मला स्वतःला जाणवतं. पण हस्तलिखिताचं नाही पटत. पडद्यावरचं बघून हाताने उतरवायला कितीसा वेळ लागतो? खाडाखोडही करता येते. त्यातून फक्त अक्षर कुणाचं ते कळेल.

११ फेब्रुवारी २०१९ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये आयबीएमच्या प्रोजेक्ट डिबेटर नावाच्या यंत्राचा आणि हरीश नटराजन या नामवंत वादपटूचा सामना झाला होता. विषय होता, बालवाड्यांना सरकारने अनुदान द्यावं का. तयारीला दोघांनाही १५ मिनिटं, मग ४ मिनिटं मांडणी, ४ मिनिटं खंडन, २ मिनिटं समारोप. यंत्र बाजूने, नटराजन विरोधात. आधी ७९ टक्के श्रोते अनुदानाच्या बाजूने होते, नंतर ६२ राहिले. विरोधातले १३ चे ३० झाले. म्हणजे जिंकला माणूस. पण कुणामुळे ज्ञानात जास्त भर पडली, यावर ५८ टक्क्यांनी यंत्राचं नाव घेतलं आणि २० टक्क्यांनी नटराजनचं.

मी हे कितीदा तरी वाचलंय. माहिती यंत्राने जास्त दिली, मन माणसाने वळवलं. नटराजनने पहिल्यांदा काय केलं माहितीय? यंत्राचं जे पटलं ते मान्य केलं, आणि मग विचारलं की हाच पैसा दुसरीकडे जास्त उपयोगी पडणार नाही का. समोरचा काय बोलला ते ऐकल्याशिवाय हे सुचत नाही. बाई, परीक्षण ऐकण्याचं करा. तो मुलगा तुमच्या प्रश्नाला अडला, कारण प्रश्न येईल असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मेरीची_वेधशाळा | मंगळवार, रात्री ९.३०

वाचतेय. २०२१ ची जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धा ऑनलाइन झाली, २०२२ चीसुद्धा. त्या दोन वर्षांत माझा धाकटा मुलगा घराच्या गच्चीवर जाऊन सराव करायचा, खाली नेट यायचं नाही. पाण्याच्या टाकीला टेकून फोन, वर शाल धरलेली. मध्येच आवाज तुटायचा, मग समोरची मुलगी चॅटमध्ये लिहायची "शेवटची दोन वाक्यं परत बोल". विरोधी संघाची मुलगी! मला त्या पिढीबद्दल फार माया वाटते.

गंगापूररोडचा_कोडवाला | बुधवार, सकाळी ११.००

ताईंच्या पहिल्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, माझं कामच हे आहे.

एसएमएसने येणारा कोड नंबरला बांधलेला असतो, माणसाला नाही. नंबर बंद झाला की तो किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, पण त्यानंतर देऊ शकतात. म्हणून नंबर सोडायच्या आधी तो कुठे कुठे दिलाय ते आठवून एकेक ठिकाणी बदलायचा, आणि मगच सोडायचा. घरातलं माणूस गेल्यावर हे करायला कुणाचं मन धजत नाही, हे मी माझ्याच घरी पाहिलंय. अशा वेळी सहा महिने लहानसा रिचार्ज चालू ठेवा, घाई करू नका.

दुसरं, ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे एसएमएसऐवजी फोनमध्येच कोड तयार करणारं. त्यात दर ३० सेकंदांनी सहा आकडे बदलतात. सेवा आणि तुमचा फोन या दोघांकडे एकच गुप्त किल्ली असते, त्यात आत्ताची वेळ मिसळून दोन्हीकडे तोच आकडा निघतो. त्याला ना सिम लागतं, ना रेंज. मात्र फोनचं घड्याळ बरोबर हवं. ओझरच्या एका काकांचे कोड महिनाभर "चुकीचे" येत होते, त्यांनी दुसरा फोन घ्यायचं ठरवलं होतं. गेलो, पाहिलं, तर घड्याळ हाताने लावलेलं, चार मिनिटं पुढे. सकाळची गाडी चुकू नये म्हणून! वेळ आपोआप घे असं केलं आणि पहिलाच कोड चालला.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅकअप कोड, नंबर किंवा फोन हाताशी नसताना आत जायला आधीच काढून ठेवलेले. बहुतेक मोठ्या सेवा हे देतात, एकेक कोड एकदाच चालतो. ते छापा किंवा हाताने लिहा आणि बँकेच्या पासबुकाबरोबर कपाटात ठेवा. पासवर्ड वहीत लिहिणं हा गुन्हा आहे असं लोकांच्या मनावर बिंबवलंय. घरातल्या कपाटातली वही परदेशात बसलेल्या चोराच्या हाती लागत नाही. वही फोनच्या पिशवीत मात्र ठेवू नका. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्तीही आता जुनी झाली. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेतच सांगितलं की कारण नसताना बदलायला लावू नका. लांब ठेवा, चार-पाच शब्दांचा, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा.

आणि न वापरलेल्या खात्यांकडे लक्ष द्या. गुगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं की दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती ते काढून टाकू शकतात. गेलेल्या माणसाचे फोटो अशा खात्यात असतील तर आजच उतरवून घ्या.

अंजनेरीची_वाट | बुधवार, दुपारी ३.१५

सगळं छान, पण मला एका गोष्टीची चीड येते. "आई, तू राहू दे, मी करतो" म्हणत मुलं आईवडिलांचे सगळे नंबर, सगळे मेल स्वतःकडे जोडतात. सोय होते खरी. मग वडिलांना स्वतःच्या पेन्शनची रक्कम पाहायला पुण्याला फोन करून ओटीपी मागावा लागतो, आणि मुलगा मीटिंगमध्ये असतो. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं हिशेब लिहिला, ते शेवटी म्हणाले, "माझ्याच पैशाला मी पाहुणा झालो." मी त्याच रविवारी सगळं त्यांच्या नंबरवर परत केलं. चार दिवस लागले शिकवायला. शिकले.

रविवार_कारंजा | बुधवार, दुपारी ३.४०

पाहुणा झालो… खरंय.

सातपूर_शिफ्ट | बुधवार, रात्री ८.००

अवांतर: ओझरच्या काकांची चार मिनिटं वाचून आठवलं. आमच्या कंपनीत सगळ्यांची घड्याळं पाच मिनिटं पुढे असायची, आणि तरी पहिल्या पाळीला सगळे मिसळीच्या गाडीवरच सापडायचे.

निफाडचा_दादा | बुधवार, रात्री ८.२०

मिसळीला ओटीपी लागत नाही तोवर आपण सुखी.

गोदाकाठची | बुधवार, रात्री १०.१०

किती मनापासून लिहिता तुम्ही सगळे. जुना कॉम्प्युटर माळ्यावर आहे, उद्या उतरवून घेते.

निफाडच्या दादा, तुमच्या आईंचं वाक्य वाचून मला एकदम उलगडलं की माझी अडचण आणि माझा प्रश्न एकाच आठवड्यात का टोचत होते. यंत्र मला विचारतंय, तू तूच कशावरून? मी त्या मुलाला विचारलं, हे तुझंच कशावरून? मला यंत्राने नीट विचारलं नाही, आणि मीही त्याला नीट विचारलं नाही. सगळ्यांसमोर, अचानक, त्याला तयारीची संधी न देता.

बीपीवाली बेटा, सरांनी लिहून दिलेल्या भाषणाचं तू म्हणालीस ते लागलं. मीही लिहून द्यायचे. बक्षीस आलं की शाळेचा फलक रंगायचा. त्या मुलांना मी उत्तर द्यायला किती शिकवलं आणि म्हणायला किती, याचा हिशेब आज करतेय. शब्दवेल्हाळ, भाषेचा आग्रह मी सोडणार नाही, खात्री बाळगा.

गोदाकाठची | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.००

धागा वर काढतेय, कारण दोन्ही गोष्टी झाल्या.

खातं मिळालं. माळ्यावरचा कॉम्प्युटर धूळ पुसून लावला, सुरू व्हायलाच बारा मिनिटं लागली. सातपूर_शिफ्ट यांनी सांगितलं तसं त्यावरूनच अर्ज केला. जुना पासवर्ड विचारला, तो आठवत होता. पर्यायी मेल मुलाचा होता. काही दिवस थांबायला सांगितलं, मग मुलाच्या मेलवर दुवा आला. आत गेल्यावर आधी यजमानांची पत्रं छापून घेतली, एक्केचाळीस पानं. मग नंबर बदलला, बॅकअप कोड लिहिले, कपाटात ठेवले. सिन्नरच्या त्या मुलाला फोन करून सांगितलं की झालं रे. त्यालाही आनंद झाला.

स्पर्धा काल झाली. नियम मी असे सुचवले आणि आयोजकांनी मान्य केले. पहिल्या फेरीत तयारी हवी तशी करा, यंत्र वापरलंत तर तसं आधी सांगा, त्याचे गुण कापणार नाही. भाषण ५ मिनिटं, त्यानंतर २ मिनिटं विरोधी स्पर्धकाचे प्रश्न, आणि या दोन मिनिटांना भाषणाइतकेच गुण. प्रश्न येणार हे आधीच कळवलेलं. अंतिम फेरीला विषय समोर ठेवून १५ मिनिटं, फोन बाहेर. भाषेला स्वतंत्र वीस गुण.

पहिल्या फेरीचा विषय होता, सर्व सरकारी सेवा ऑनलाइनच असाव्यात. चांदवडकडची एक मुलगी बाजूने बोलत होती. तिने आधीच सांगितलं की आराखडा यंत्राकडून घेतलाय. भाषण ठीक होतं. मग विरोधातल्या मुलाने विचारलं, "नेट नसेल तर?" ती क्षणभर थांबली. मला गेल्या वर्षीचा मुलगा आठवला, पोटात कालवलं. ती म्हणाली, "नसतंच. मी तीन किलोमीटर सायकलने जाते, परवाच जाऊन आले. तरी मी बाजूने बोलते, कारण त्याच एका दाखल्यासाठी माझे वडील तालुक्याला तीन खेपा घालायचे, आणि प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडायची. तुम्ही 'ऑनलाइनच' मधला 'च' काढा म्हणालात तर मी लगेच तुमच्याकडे येईन." विरोधी मुलानेच टाळ्या वाजवल्या. 'च' वर खंडन! शब्दवेल्हाळ, तुमची फार आठवण झाली.

गेल्या वर्षीचा तो मुलगाही आला होता. चौथा आला. जाताना पाया पडला आणि म्हणाला, "बाई, यंदा मी दोन शेतकऱ्यांना भेटून आलो."

शब्दवेल्हाळ | रविवार, रात्री ९.२५

'च' वाचून डोळे भरून आले. पुढच्या वर्षी मला श्रोत्यांत जागा ठेवा.

गंगापूररोडचा_कोडवाला | रविवार, रात्री ९.५०

अभिनंदन ताई! माझ्या डोक्यात एक आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी दहाला आपण टिळकपथावर सावानापाशी जमू. ज्यांना नंबर बदलायचेत, बॅकअप कोड काढायचेत, पेन्शनचं ॲप लावायचंय, त्यांनी यावं. शिकवू, करून देणार नाही. पासवर्ड आम्ही विचारणार नाही, तुम्ही सांगायचा नाही.

प्रेसवाले_काका | रविवार, रात्री १०.०५

मी येतो. चेहऱ्याच्या दाखल्याचं माझ्याकडे द्या, त्यात हात बसलाय. उजेड समोरून हवा, खिडकीकडे तोंड करून बसवायचं.

निफाडचा_दादा | रविवार, रात्री १०.१२

आईला घेऊन येतो. ताई, तुमची पत्रं छापलीत तसे आमच्या बागेचे जुने फोटो पण एका बंद खात्यात अडकलेत. जुना फोन सोबत आणू का?

गंगापूररोडचा_कोडवाला | रविवार, रात्री १०.१४

आणा दादा, चार्जरसकट. आणि जमलं तर तो जुना फोन आजपासूनच घरच्या वायफायवर चालू ठेवा.